स्की शिकायचंय की बर्फातली सुट्टी हवीय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोव्हेंबर लागला की पुण्या-मुंबईहून, आणि हल्ली झुरिक-म्युनिकहूनही, तेच प्रश्न येऊ लागतात. कुठे जावं, किती दिवस जावं, कितपत अवघड असतं, आईबाबांना न्यावं का. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवते. बहुतेक उत्तरांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, ती आधी सांगते: स्की शिकणं वेगळं आणि बर्फातली सुट्टी वेगळी. दोन्ही मनापासून करण्यासारख्या आहेत. पण घरातल्या कुणाला यांतलं काय हवंय, हे तिकिटं काढण्याआधी बोललं गेलं नाही, तर सहलीच्या तिसऱ्या दिवशी ते भांडणातून बाहेर पडतं.

श्रीनगरहून एका दिवसासाठी गुलमर्गला जाणार आहोत. तासाभरात स्की शिकता येईल का?

नाही. तासाभरात स्की पायाला लावून पाहता येतील. पहिला अर्धा तास कडक बुटांत पाय घालण्यात आणि ते बूट स्कीवर अडकवण्यात जातो. उरलेल्या वेळात गाइड हाताला धरून थोडंसं घसरवतो, फोटो होतात, वेळ संपते. मजा म्हणून यात काहीच गैर नाही. आयुष्यात पहिल्यांदा बर्फ पाहणाऱ्याचा आनंद खरा असतो. वाईट एवढंच वाटतं की त्या तासात जो दोनदा पडतो, तो ‘हे आपल्याला जमणारं नाही’ असं कायमचं ठरवून खाली उतरतो. अशी कितीतरी माणसं मला भेटली आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांना तीन दिवस मिळाले असते तर स्की नक्की आलं असतं.

हाताशी एकच दिवस असेल तर गंडोलाने, म्हणजे केबल कारने, कोंगडूरी या पहिल्या टप्प्यापर्यंत जा, बर्फात भरपूर चाला, गरम कहवा प्या. स्की पुढच्या खेपेला.

मग शिकायला खरोखर किती दिवस लागतात?

सौम्य उतारावर स्वतःच्या मर्जीने वळता आणि थांबता येणं, याला मी ‘स्की येणं’ म्हणते. निरोगी मोठ्या माणसाला त्यासाठी सलग तीन दिवस लागतात, सहा दिवस मिळाले तर उत्तम.

पहिला दिवस जवळजवळ सगळ्यांचा वाईट जातो. एका पायात स्की घालून सपाटीवर सरकायचं, मग दोन्ही पायांत, मग आडव्या पावलांनी उतार चढायचा, पडायचं कसं आणि उठायचं कसं ते शिकायचं. पडण्यापेक्षा उठणं दमवतं. पायाला लांबच लांब पट्ट्या बांधलेल्या, बर्फ निसरडा, आणि दोन्ही स्की उताराला आडव्या ठेवल्याशिवाय उठताच येत नाही. त्या संध्याकाळी मांड्या भरून येतात आणि पुष्कळजण ‘उद्या मी हॉटेलवरच थांबतो’ म्हणतात. थांबू नका.

दुसऱ्या दिवशी स्नोप्लाउ शिकवतात. स्कीची पुढची टोकं जवळ आणण्याची, मागची लांब फाकवण्याची, म्हणजे उताराकडे पाहणारा इंग्रजी व्ही उलटा काढल्यासारखा आकार होतो. पायांनी बाहेर जोर दिला की आतल्या कडा बर्फात रुततात आणि वेग कमी होतो. मग कळतं की वजन डाव्या पायावर नेलं की आपण उजवीकडे वळतो. डोक्याला हे उलटं वाटतं, पायाला दुपारपर्यंत पटतं.

तिसऱ्या दिवशी बदल होतो. आदल्या दोन दिवसांत वेगवेगळ्या शिकलेल्या गोष्टी एकमेकींत मिसळू लागतात आणि उतार मोठा वाटेनासा होतो. म्हणूनच दोन दिवसांचं पॅकेज मला अन्यायाचं वाटतं. त्रास सगळा पदरी पडतो आणि आनंद सुरू व्हायच्या आत परतीची गाडी उभी असते.

मी सह्याद्रीत नियमित ट्रेक करतो. मला सोपं जाईल ना?

दमाच्या बाबतीत हो, सवयीच्या बाबतीत नाही. राजगडाची किंवा हरिश्चंद्रगडाची घसाऱ्याची वाट उतरताना आपण काय करतो? वजन मागे ठेवतो, जरा बसकण घेतो, वेळ पडली तर हात टेकतो. वर्षानुवर्षं शरीरात मुरलेलं हे शहाणपण स्कीवर घात करतं. स्कीच्या मागच्या भागावर वजन गेलं की पुढची टोकं हलकी होतात, वळत नाहीत आणि वेग वाढतो. इथे नडगी बुटाच्या पुढच्या जिभेवर टेकलेली हवी, हात पुढे, नजर पायाकडे न ठेवता उताराच्या तळाकडे. उतार जितका भीतीदायक, तितकं पुढे झुकायचं. ट्रेकर मंडळींना हे मान्य करायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. एकदा पटलं की बाकीच्यांपेक्षा झपाट्याने पुढे जातात, कारण पाय तयार असतात.

मला वेगाची भीती वाटते. स्की माझ्यासाठी नाही का?

वेगाची भीती वाटणारी माणसं चांगली शिकतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. ती थांबायला आधी शिकतात. न घाबरणारा तरुण सरळ खाली सुटतो, कुठेतरी जाऊन आदळतो आणि तिसऱ्या दिवशीही त्याला वळता येत नसतं.

भीतीचे दोन प्रकार मात्र वेगळे ओळखा. एक भीती उतार सोपा केला की जाते. तिच्यासाठी प्रशिक्षकाला स्पष्ट सांगा, ‘मला अजून खालच्या उतारावर राहायचं आहे.’ सांगायला लाजू नका. दुसरी भीती पडण्याचीच असते आणि ती सपाटीवरही कमी होत नाही. जुनं दुखणं, गुडघ्याचं ऑपरेशन, लहानपणीचा अपघात, काहीही कारण असू शकतं. अशा माणसाला ‘अगं, काही होत नाही’ म्हणून उतारावर उभं करणं क्रूरपणा आहे. त्याला बर्फातली सुट्टी द्या.

घरात एकाला शिकायचंय, दुसऱ्याला अजिबात नाही. काय करावं?

सर्वाधिक येणारा प्रश्न हाच, आणि याचं उत्तर मी सविस्तर देते.

आपल्याकडे सहल म्हणजे सगळ्यांनी सगळं एकत्र करायचं, हा संस्कार पक्का आहे. एकाने काही वेगळं केलं की दुसऱ्याला अपराधी वाटतं. स्कीच्या बाबतीत ही पद्धत चालत नाही. शिकणाऱ्याला रोज सकाळचे चार तास अखंड लागतात, आणि न शिकणाऱ्याला ते चार तास उताराच्या कडेला थंडीत उभं राहून टाळ्या वाजवायला सांगणं म्हणजे त्याची सुट्टी खाणं.

दिवसाचे दोन भाग करा. सकाळी शिकणारे उतारावर. न शिकणाऱ्यांनी गंडोलाने फिरून यावं, देवदारांमधल्या वाटेवर चालावं, सेंट मेरी चर्च पाहावं, खिडकीशी पुस्तक घेऊन बसावं. दुपारी दोननंतर सगळे एकत्र. जेवण एकत्र, संध्याकाळ एकत्र. आणि एक नियम: शिकणाऱ्याने ‘तू पण करून बघायला हवं होतंस’ हे वाक्य उच्चारायचं नाही, आणि न शिकणाऱ्याने ‘एवढे पैसे घालून पडायलाच आलात का’ हे म्हणायचं नाही.

दहा माणसांच्या गटात चारजणांनाच शिकायचं असेल तर तेही उत्तम. त्या चौघांसाठी चांगला प्रशिक्षक मिळतो आणि बाकीच्या सहांचे पैसे वाचतात.

नवऱ्याला स्की येतं. तो मला शिकवेल, मग प्रशिक्षकाचे पैसे कशाला?

शिकवणाऱ्या माणसाला पैसे द्या आणि नवऱ्यासोबत संध्याकाळी चहा प्या. ज्याला येतं त्याला आपण कसं शिकलो हे आठवत नसतं. तो ‘फक्त वळ!’ म्हणतो आणि ते ‘फक्त’च तर शिकायचं असतं. शिवाय त्याला स्वतःला स्की करायचं असतं, म्हणून तो तुम्हाला तुमच्या कुवतीपेक्षा वरच्या उतारावर नेतो. मित्र, भाऊ, मुलगा यांनाही हेच लागू.

मुलं कोणत्या वयापासून शिकू शकतात?

चार-पाच वर्षांची मुलं खेळत खेळत घसरू लागतात. सूचना ऐकून त्याप्रमाणे करणं साधारण सहा-सात वर्षांपासून जमतं. मुलांचा गुरुत्वमध्य खाली असतो, पडायला अंतर कमी आणि पडण्याची लाज त्याहून कमी, त्यामुळे ती पालकांच्या पुढे निघून जातात. ते आनंदाने पाहा.

इथे दोन वृत्ती दिसतात. फ्रान्समधल्या स्की शाळांत मुलांसाठी पायऱ्या ठरलेल्या आहेत: अस्वलाचं पिल्लू, मग हिमकण, मग पहिला, दुसरा, तिसरा तारा. आठवड्याच्या शेवटी परीक्षा होते आणि बिल्ला मिळतो. मुलांना तो बिल्ला फार आवडतो, आणि शिकणं पायरीपायरीने होतं हे पालकांनाही कळतं. दुसरी वृत्ती नॉर्वेची. तिथे पोरं घरामागच्या बर्फात स्कीवर चालायला लागतात, रविवारी आईबाबांबरोबर जंगलात जातात, पाठपिशवीत संत्रं आणि चॉकलेट असतं, आणि कुणी त्यांना गुण देत नाही.

मराठी पालकांचा ओढा बिल्ल्याकडे असतो. मी त्यांना विनंती करते की पहिल्या वर्षी मुलाला काहीही सिद्ध करायला लावू नका. ‘शेजारच्या मुलीला पॅरलल (दोन्ही स्की समांतर ठेवून वळणं) आलं, तुला कधी येणार’ या वाक्याने मुलाचा अख्खा हिवाळा नासतो. ज्याला आवड लागेल तो स्वतःच पुढे जाईल. मनालीच्या आंचल ठाकूरने २०१८ मध्ये तुर्कस्तानात कांस्यपदक मिळवलं, ते स्कीमधलं भारताचं पहिलं आंतरराष्ट्रीय पदक. गुलमर्गच्या पायथ्याशी वाढलेला आरिफ खान २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकमेव खेळाडू होता आणि जायंट स्लॅलममध्ये, म्हणजे झेंड्यांमधून वळत उतरण्याच्या शर्यतीत, ४५वा आला. दोघंही बर्फाच्या गावची मुलं. वर्षातून सहा दिवस बर्फ पाहणाऱ्या ठाण्याच्या मुलाकडून त्या मापाची अपेक्षा ठेवू नये.

आम्ही झुरिकमध्ये राहतो. शाळा मुलीला आठवडाभराच्या स्की शिबिराला नेतेय. आम्हाला कुणालाच स्की येत नाही. पाठवावं का?

जरूर पाठवा. स्वित्झर्लंडमध्ये ‘स्कीलागर’ हा शालेय आयुष्याचा मोठा भाग आहे. उतारापेक्षा रात्रीच्या गप्पा आणि एकत्र जेवण मुलांच्या जास्त लक्षात राहतं. अगदी नव्या मुलांचा गट वेगळा असतो, त्यामुळे ती एकटी पडत नाही. तरीही शिबिराआधी एखाद्या शनिवार-रविवारी जवळच्या सोप्या उतारावर दोन तासांचा वर्ग लावून द्या, म्हणजे पहिल्या सकाळी बूट कसे घालायचे हे तरी तिला माहीत असेल. साहित्य विकत घेऊ नका, हंगामभरासाठी भाड्याने मिळतं.

खर्चाचं म्हणाल तर तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केलं आहे की सक्तीच्या शालेय शिबिरांसाठी पालकांकडून जेवणखर्चापुरतेच पैसे घेता येतात, वयानुसार दिवसाला १० ते १६ फ्रँकपर्यंत. शाकाहाराबद्दल आधी लेखी कळवा. आणि ती परत आल्यावर तुम्हीही शिका. मुलगी आईला शिकवू पाहते तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे दिसतं ते पाहण्यासारखं असतं. (वर नवऱ्याच्या प्रश्नात घरच्यांकडून शिकू नका म्हटलं, त्याला हा एक अपवाद.)

वय पन्नास उलटलं आहे. उशीर झाला का?

गुडघे आणि हृदय ठीक असतील तर नाही. तीन महिने आधीपासून जिने चढउतार, उठाबशा, भिंतीला पाठ टेकून खुर्चीसारखं बसणं, हे रोज करा. रक्तदाब किंवा हृदयाची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना उंचीबद्दल विचारा. गुलमर्ग साधारण २६५० मीटरवर आहे आणि तिथे पहिल्या दिवशी धाप लागते, डोकं जड होतं. पोहोचल्या दिवशी फक्त फिरा.

या वयातल्या विद्यार्थ्यांबद्दल मला विशेष आदर आहे. ती घाई करत नाहीत, प्रश्न विचारतात आणि दमल्यावर थांबतात.

युरोपातले लोक स्कीकडे कसं पाहतात? आपलं पाहणं वेगळं का?

युरोपातसुद्धा एक दृष्टी नाही. नॉर्वेत स्की हे हिवाळ्यात एका गावातून दुसऱ्या गावी जाण्याचं साधन होतं. टेलिमार्कच्या मॉर्गेदाल गावच्या सोंद्रे नूरहाइमने एकोणिसाव्या शतकात टाच धरून ठेवणारी बांधणी वापरली, म्हणून वळणं आणि उड्या शक्य झाल्या. १८८८ मध्ये नॉर्वेच्याच फ्रित्योफ नान्सेन या शोधप्रवाशाने स्कीवरून ग्रीनलँड पार केलं आणि त्याचं वर्णन वाचून आल्प्समधल्या लोकांना हे वेड लागलं. पण आल्प्सचे उतार तीव्र. तिथे चालण्यापेक्षा उतरणं महत्त्वाचं झालं, आणि ऑस्ट्रियात हानेस श्नायडरने स्नोप्लाउपासून वरच्या वळणांपर्यंतची शिकवण्याची क्रमवार पद्धत बसवली. आजही गुलमर्गच्या मैदानात तुम्ही शिकता तो क्रम त्याच वंशातला.

तिसरी दृष्टी ब्रिटिशांची. त्यांच्याकडे ना मोठा बर्फ ना मोठे डोंगर, म्हणून त्यांनी स्कीची सुट्टी शोधून काढली. भारतात मिशनरी म्हणून येऊन गेलेले हेन्री लन पुढे हिवाळ्यात इंग्रजांना आल्प्समध्ये नेऊ लागले. त्यांचा मुलगा आर्नोल्ड लन याचा जन्म १८८८ साली मद्रासचा. त्याने १९२२ मध्ये स्वित्झर्लंडच्या म्युरेन गावात झेंड्यांमधून वळत उतरण्याची आधुनिक स्लॅलम शर्यत मांडली. युंगफ्राउ पाहायला गेलेल्या मराठी पर्यटकांनी लाउटरब्रुनेनच्या दरीतून वर कड्यावर बसलेलं जे गाव पाहिलं असेल, ते हेच म्युरेन. गुलमर्गचा स्की क्लबही इंग्रज अधिकाऱ्यांनीच १९२७ मध्ये काढला. नाताळ आणि ईस्टरला तिथे मेळावे होत.

म्हणजे बर्फाच्या देशात न जन्मलेल्या माणसांनी आठवडाभर जाऊन शिकायचं, पडायचं, संध्याकाळी शेकोटीपाशी बसायचं, ही पद्धत शंभर वर्षांहून जुनी आहे. आपण त्याच रांगेतले आहोत. नॉर्वेच्या पोरासारखं सहज जमत नाही म्हणून वाईट वाटून घेण्याचं कारण नाही.

गुलमर्ग, औली की परदेश?

पहिल्यांदा शिकायला गुलमर्ग किंवा उत्तराखंडातलं औली. परदेशात लिफ्टचा पास, वर्ग, साहित्य, राहणं सगळंच महाग, आणि पहिले दोन दिवस तुम्हाला त्या मोठमोठ्या उतारांचा काही उपयोग नसतो. गुलमर्गला हॉटेलच्या दाराशी सौम्य उतार आहेत आणि प्रशिक्षक हिंदीत बोलतो. औलीत गढवाल मंडळ विकास निगमचे सात आणि चौदा दिवसांचे वर्ग अनेक वर्षं चालत आले आहेत आणि समोर नंदादेवी दिसते. जोशीमठहून औलीला जाणारा रोपवे जानेवारी २०२३ मध्ये जमीन खचू लागल्यावर बंद करण्यात आला, त्यामुळे रस्त्याने जाण्याच्या तयारीने योजना करा. मनालीजवळ सोलंगला बर्फ कमी दिवस टिकतो.

वळणं पक्की झाल्यावर आल्प्समध्ये जा. युरोपात उतारांना रंग असतात: हिरवा आणि निळा सोपा, तांबडा मधला, काळा अवघड. निळ्यावर आरामात राहता येऊ लागलं की तो खर्च सार्थकी लागतो.

सरकारी संस्थेचा कोर्स घ्यावा की खाजगी प्रशिक्षक?

कशासाठी चालला आहात त्यावर आहे. गुलमर्गची भारतीय स्कीइंग आणि गिर्यारोहण संस्था १९६८ पासून आहे, केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाखाली. तिथले कोर्स निवासी आणि शिस्तीचे. सकाळी वेळेवर रांग, व्यायाम, दिवसभर उतार, पुन्हा पुन्हा तेच वळण. राहणं-जेवण साधं, खर्च खाजगीच्या मानाने पुष्कळ कमी. पहलगामची जवाहर संस्था आणि मनालीची गिर्यारोहण संस्थाही स्कीचे कोर्स घेतात. पाया घट्ट करून हवा असेल, विशेषतः विशी-तिशीत, तर माझा कौल निःसंशय इकडे.

हनिमूनला आलेल्या जोडप्याने किंवा लहान मुलं बरोबर असणाऱ्यांनी मात्र खाजगी प्रशिक्षक घ्यावा. नेमताना त्याने कुठे प्रशिक्षण घेतलं हे विचारा, पहिल्या दिवसापुरतं ठरवा आणि पटलं तर तोच पुढचे सगळे दिवस ठेवा. रोज माणूस बदलला की रोज पहिल्यापासून सुरुवात होते.

स्लेजवाले आणि गाइड फार मागे लागतात. काय करावं?

हवं नसेल तर एकदा नम्रपणे, ठाम ‘नको’ म्हणा आणि पुढे चला. हवं असेल तर दर आधी ठरवा आणि ठरलेले पैसे विनाकटकट द्या. टनमर्ग आणि आसपासच्या गावांतल्या या माणसांचं वर्षाचं उत्पन्न बर्फाच्या थोड्या आठवड्यांवर उभं असतं. धडधाकट माणसाने सपाट रस्त्यावर स्लेजमध्ये बसून दुसऱ्या माणसाकडून स्वतःला ओढून घेऊ नये, असं माझं मत आहे. चढावर चालवत नाही अशा आजींसाठी ती सोय जरूर घ्या, आणि ओढणाऱ्याला चहा विचारा.

गंडोलाच्या दुसऱ्या टप्प्यावरून स्की करत खाली येता येईल का?

शिकाऊ माणसाने अजिबात नाही. दुसरा टप्पा अफरवट डोंगराच्या खांद्यावर साधारण ३९५० मीटरपर्यंत नेतो. तिथला बर्फ दाबून सपाट केलेला नसतो, उतार तीव्र असतात आणि हिमप्रपाताचा, म्हणजे उतारावरून बर्फाचा लोंढा कोसळण्याचा, धोका खरा असतो. हिमप्रपात रोखण्याचं काम गंडोलाभोवतीच्या ठरावीक भागातच होतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये दोन पोलिश आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये एक रशियन स्कीयर इथे हिमप्रपातात दगावले. जगभरातले तरबेज लोक ज्या बर्फासाठी गुलमर्गला येतात तो हाच, आणि ते गाइड, बीकन (बर्फात गाडलेल्या माणसाचा ठाव देणारं उपकरण), फावडं घेऊन जातात. तुम्ही नजारा पाहायला वर जा, गंडोलानेच खाली या. तिकिटं ऑनलाइन मिळतात आणि लवकर संपतात.

बर्फच पडला नाही तर?

हा प्रश्न आता दरवर्षी विचारावा लागतो. काश्मीरचा हिवाळ्यातला बर्फ भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या पश्चिमी विक्षोभांवर, म्हणजे पाऊस-बर्फ आणणाऱ्या वादळी हवेवर, अवलंबून आहे. ते आले नाहीत की चिल्लई कलानच्या, म्हणजे २१ डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांच्या ऐन थंडीतही मैदान कोरडं राहतं. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्ग तपकिरी होतं. फेब्रुवारीच्या सुरुवातीचे खेलो इंडिया हिवाळी खेळ लांबवून महिनाअखेर घ्यावे लागले. २०२५ मध्ये ते फेब्रुवारीतून मार्चवर गेले. तिथल्या माणसांच्या चेहऱ्यावरची काळजी पाहिली की आपली रद्द झालेली सहल फार लहान वाटते.

शिकायचं असेल तर जानेवारीचा उत्तरार्ध ते फेब्रुवारीअखेर धरा, तारखा बदलता येतील असंच बुकिंग करा, आणि निघण्याआधी आठवडाभर तिथल्या माणसाला फोन करून विचारा.

दुखापतीचं काय?

मोठा धोका गुडघ्याला. बाइंडिंग म्हणजे बूट स्कीला जखडणारी कळ. पडल्यावर ती योग्य जोराने सुटली पाहिजे. तो जोर वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि कसब पाहून लावतात. भाड्याच्या दुकानात कुणी वजन विचारलं नाही तर आपणहून सांगा आणि समोर बसवून घ्या. हेल्मेट घाला. अंगठा पोलच्या, म्हणजे हातातल्या काठीच्या, पट्ट्यात अडकून मुरगळतो, म्हणून पडताना पोल सोडून द्या. थकल्यावरची ‘एक शेवटची फेरी’ टाळा.

आंतरराष्ट्रीय स्की महासंघाचे उतारावरच्या वागणुकीचे दहा नियम आहेत. त्यांतला एक नवशिक्याने पाठच करावा: खाली असलेल्या माणसाचा हक्क पहिला, वरून येणाऱ्याने त्याला चुकवायचं. थांबायचं तर कडेला. विम्यात स्की समाविष्ट आहे का हे वाचून घ्या, पुष्कळ प्रवास-विम्यांत नसतं.

कपडे कोणते? तीन जोड मोजे घालू का?

एकच जोड, पातळ आणि लांब. जास्त मोज्यांनी बूट आवळतो, रक्त फिरत नाही आणि पाय अधिक गारठतात. जीन्स नको, ओली होते. वरून पाणी न शिरणारी पँट, हातमोजे आणि गॉगल. ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी ८० टक्क्यांपर्यंत परतवतो, त्यामुळे नाकाच्या खाली आणि हनुवटीलाही सनस्क्रीन लावा.

स्की की स्नोबोर्ड?

पहिल्या तीन दिवसांत स्की सोपं. बोर्डवर सुरुवातीला पार्श्वभाग आणि मनगटं सोसतात, नंतर प्रगती जलद होते. जे पाहून मन ओढ घेतं ते निवडा.

दुबईच्या मॉलमध्ये शिकून जावं का?

२००५ पासून चालणाऱ्या त्या बंदिस्त उतारावर सर्वांत लांब वाट ४०० मीटरची आहे. दुबईत राहणाऱ्यांनी स्नोप्लाउपर्यंत तिथे शिकून पुढे डोंगरात जावं, पहिल्या दिवसाचा त्रास वाचतो. मुंबईहून खास त्यासाठी जाण्याइतकं त्यात काही नाही. तेवढ्या पैशांत गुलमर्ग होतं.

इतके पैसे भरलेत, मग सहाही दिवस सकाळ-संध्याकाळ स्की करायलाच हवं ना?

तिसऱ्या किंवा चौथ्या दिवशी अर्धा दिवस सुट्टी घ्या. पैसे वसूल करण्याच्या नादात दुपारी चारला थकल्या पायांनी उतरणारी माणसं पडतात, आणि उरलेले दिवस खोलीत बर्फाची पिशवी गुडघ्यावर ठेवून काढतात.

मी अनेक वर्षं सोप्या उतारावरच आहे आणि मला तिथेच आवडतं. पुढे जायला हवं का?

नाही. मित्र चिडवतील, ‘अजून निळ्यावरच?’ चिडवू देत. मोठी मोठी वळणं घेत, डोंगर पाहत, मध्ये थांबून कॉफी पीत दिवसभर एका सोप्या उतारावर राहणं हे पूर्ण वाढलेलं स्की आहे. दर दोन वर्षांनी एखादा वर्ग मात्र घ्या. सवयीने शिरलेले दोष निघतात आणि तोच उतार कमी श्रमात उतरता येतो. तीव्र उतार, झाडांमधला मऊ बर्फ, शर्यत यांची ओढ ज्याला आहे त्याने मनापासून तिकडे जावं. फक्त दोघांनी एकमेकांना ओढू नये.

शाळांच्या सुट्ट्या आणि स्कीचा हंगाम जुळतच नाहीत. मे महिन्यात चालेल का?

मे महिन्यात गुलमर्गच्या गंडोलाच्या दुसऱ्या टप्प्यावर उरलेला बर्फ पाहायला मिळतो, शिकण्याजोगे उतार उरत नाहीत. दिवाळीत हंगाम सुरू झालेला नसतो. नाताळच्या आठवड्यात बर्फाची खात्री नाही आणि गर्दी सगळ्यात जास्त. खालच्या इयत्तांतली मुलं असतील तर प्रजासत्ताक दिनाला जोडून चार दिवसांची रजा काढा आणि शाळेला आधी पत्र द्या. दहावी-बारावीच्या वर्षी जाऊ नका. संस्थेच्या कोर्ससाठी तारखा जाहीर होताच अर्ज करा, हंगामातल्या तुकड्या लवकर भरतात.